मी ठोकायचो, ती ऐकायची

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं जे काम केलं, ते दर शनिवारचंच होतं. दुपारची जेवणं झाली होती. मी हातात लाकडी मोगरी घेऊन स्टुलावर उभा होतो आणि माझी बायको द्वारका खाली खांबाला कान लावून उभी होती. मी ठोकायचो, ती ऐकायची. मुलुंडच्या आमच्या बैठ्या चाळीत दोन खोल्या आणि पडवी मिळून सात खांब आमच्या वाट्याला आलेले. सहा झाले. सातवा मधला. पुढची खोली संपते आणि आतली सुरू होते तिथे तो उभा, आणि छपराचं सगळ्यात मोठं लाकूड, आढं, त्याच्या डोक्यावर.

मी ठोकलं. ती म्हणाली, "परत."

परत ठोकलं. तिने कान बदलला. इतक्या वर्षांत तिला कान बदलताना मी पाहिलं नव्हतं.

"परत. हळू. खांब आसा तो, चोर न्हय."

तिसऱ्यांदा ठोकलं तेव्हा आतल्या खोलीत आमची वीस दिवसांची नात दचकून रडायला लागली. आमच्या सुनेचं, शालूचं माहेर लांब कोकणात, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं होतं. तिची बाज त्याच खांबाला लागून होती, कारण वारा तिथेच कमी.

"काय झालं?" मी विचारलं.

"उद्या परत ठोकूया. आज नीट लागणा नाय."

"म्हणजे खराब आहे?"

"तसा नाय म्हणत." खांबावर तळहात ठेवला. "बराही नाय म्हणत."

"मग म्हणतेस काय?"

"उद्या म्हणतय."

मला राग आला. पोर रडत होती, माझे गुडघे दुखत होते. मी स्टुलावरून उतरलो, मोगरी खुंटीला अडकवली आणि बाजाराची पिशवी घेतली. ती अजून खांबापाशीच उभी होती. तो खांब धड आहे की नाही, एवढाच प्रश्न होता. आढं खाली आलं तर पहिल्यांदा त्या दोघींवर येणार, हे तिला कळत होतं आणि मलाही. तरी मी बाजारात गेलो. संध्याकाळी दिवेलागणीला परत आलो तर द्वारका चुलीपुढे पाटावर बसलेली, समोर ताटात निवडायचे तांदूळ, हनुवटी छातीला टेकलेली. मला वाटलं डुलकी लागली. हाक मारली. मग खांद्याला हात लावला.

मी परळच्या गिरणीत तीस वर्षं मागावर काढली. मागाच्या खडखडाटाने माझे कान गेले. समोरचा मोठ्याने बोलला, त्याचे ओठ दिसले, तर कळतं. बारीक आवाज माझ्यासाठी मेलेले. द्वारका म्हणायची, "तुमच्या कानात गिरण बसली हा." मला ऐकू येत नाही ही गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे तिच्याबरोबर राहणं कसं होतं ते समजेल.

दुपारी आम्ही जेवायला बसायचो. ती घास तोंडाशी नेता नेता थांबायची. डोळे वर छपराकडे. मग मान हलवून म्हणायची, "व्हय, ऐकलय." आणि घास खायची. मला काहीच आलेलं नसायचं. माझ्या समोर एक बाई रिकाम्या छपराला उत्तर देते आहे, एवढंच मला दिसायचं. पहिली काही वर्षं माझ्या अंगावर काटा यायचा. मी विचारायचो, "कोण होतं?"

"कोण नाय. तिसरो वासो बसलो."

"मग तू हो कुणाला म्हणालीस?"

"तेका."

जेवण झाल्यावर मी शिडी लावून बघायचो. तिसऱ्या वाशाचा खिळा सैल झालेला असायचा. दर वेळी नाही. पण असायचा.

ती लहानखुरी होती. चालताना पावलाचा आवाज नाही. कान मात्र मोठे, सुपासारखे, त्यावरून शेजारणी चेष्टा करायच्या. शनिवारी दुपारी ती डाव्या कानातली कुडी काढून पदराच्या गाठीत बांधायची, म्हणजे सोनं लाकडाला लागून मध्ये आवाज करणार नाही. कुडी काढली की चाळीतल्या बायका कुटणं-वाटणं थांबवायच्या. सांगावं लागायचं नाही. चार बिऱ्हाडांची चाळ, एरवी दिवसभर भांडी आणि भांडणं. तेवढा अर्धा तास अशी शांत व्हायची की रस्त्यावरचा माणूस आत डोकावून बघायचा, कुणी गेलं का म्हणून.

चाळीचा मालक घाटकोपरला राहायचा. भाडं न्यायला यायचा, छप्पर गळलं की यायचा नाही. म्हणून सगळी राखण आमची आम्ही करायचो, आणि आम्ही म्हणजे द्वारका. पाऊस लागायच्या महिनाभर आधी कौलं उतरवून परत लावायची ती तिच्या देखरेखीखाली. विहिरीचा दोर दर आठवड्याला बोटांतून पूर्ण ओढून बघायचा. स्टोव्ह थंड असताना उलटा करायचा आणि बुड अंगठ्याने दाबायचं. कंदिलाची काच पुसताना तडा दिसला तर ती काच तिथेच फोडून टाकायची, उद्या आणू असं नाही. झोपायच्या आधी चुलीतल्या राखेवर हात धरायचा, वरून, आणि मग खरंच राखेत घालायचा. मी म्हणायचो, वेडी आहेस काय. ती म्हणायची, "घर आधी सांगता. ऐकूक व्हया." हे तिचं नेहमीचं वाक्य. कुणी दारू पिऊन पडला तरी हेच, कुणाचा जावई पळाला तरी हेच.

आमच्या भिंतीला भिंत लागून सुमनताईंचं बिऱ्हाड. साताऱ्याकडच्या, तोंडाने फटकळ, पण मनाने चांगली. एकदा विहिरीवर द्वारका त्यांना म्हणाली, "सुमनताई, तुझो स्टोव्ह रडता."

"स्टोव्ह रडतोय? आणि मी रडतेय ते नाही ऐकू येत तुला?" सगळ्या बायका हसल्या.

द्वारका हसली नाही. घागर तिथेच ठेवली, सरळ सुमनताईंच्या घरात गेली, पेटत्या स्टोव्हची चावी सैल करून हवा सोडली आणि तो उचलून अंगणात आणून ठेवला. वर कालवण होतं ते अर्धं सांडलं. सुमनताई संतापल्या. दुसऱ्या दिवशी पिना आणि बर्नर विकणारा स्टोव्हवाला ओरडत आला तेव्हा त्यांनी चारचौघांसमोर तो त्याच्या पुढ्यात आपटला. "बघ रे बाबा, ह्याला कुठं दुखतंय ते. ह्या बाईला रडू ऐकायला येतं."

त्याने टाकी उलटी केली. अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

पितळ कागदासारखं झालं होतं. त्याने अंगठा बाहेर काढला, आमच्या सगळ्यांकडे बघितलं आणि ती टाकी गटाराच्या कडेला टाकून दिली.

मला वाटलं आता सुमनताई द्वारकेचे पाय धरतील. उलटंच झालं. त्या दिवसापासून द्वारका समोरून गेली की त्या दार ओढून घ्यायच्या. मग दुसरीही ओढायला लागली. बायका आपापसांत म्हणायच्या, तिने म्हटलं म्हणून झालं. तिची जीभ काळी. जिच्या घराकडे बघून बोलेल तिथे काहीतरी मोडतं. शनिवारची शांतता आधी मानाची होती, नंतर भीतीची झाली. दोन्ही शांतता सारख्याच दिसतात. द्वारकेला फरक कळत होता. मला ती काही बोलली नाही. फक्त विहिरीवर उन्हाची जायला लागली, कुणी नसेल तेव्हा.

नवे पैसे सुरू झाले त्या वर्षी आमच्या चाळीत वीज आली. भिंतीवर लाकडी पट्ट्या, त्यातून तारा, आणि काळं गोल बटण. तारा ओढायला आलेला वायरमन तरणा पोरगा होता. द्वारकेने त्याला विचारलं, "बटण बंद केल्यार करंट जाता खय?"

"कुठं जात नाही मावशी. तारेतच असतो."

"म्हणजे भिंतीत बसान ऱ्हवता."

"तसंच समजा."

पोरगा हसला, पण तिने ते तसंच समजलं. त्या दिवसापासून वीज म्हणजे तिच्यासाठी घरात ठेवलेला एक भाडेकरू, भिंतीत बसून राहणारा, न बोलणारा. त्याचं नावही ती घ्यायची नाही. "तो" म्हणायची. बटणाला बोटांनी हात लावू द्यायची नाही, हाताच्या पाठीने दाबायचं. तिला कुणी शिकवलं देव जाणे. वायरमनने मला पुढे सांगितलं की बरोबर आहे, करंट लागला की मूठ मिटते, उलटा हात असेल तर निदान सुटतो.

एका पावसाळ्यात आमची मांजर एका भिंतीपाशी बसेनाशी झाली. रोजची तिची जागा ती. येऊन दोन हात लांब उभी राहायची आणि भिंतीकडे टक लावून बघायची. द्वारका मांजराच्या शेजारी जाऊन बसली आणि तीही बघायला लागली. मी दारातून आलो तर दोघी तशाच, शेजारी शेजारी, कोऱ्या भिंतीकडे तोंड करून. मी हाक मारली तर दोघींनी एकदम मान वळवली. मला ते चित्र अजून विसरता येत नाही. मग तिने उलट्या बोटाने भिंतीला शिवून बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "तो भायर इलो हा. मोठा बटण बंद करा."

वायरमन आला. पट्टी उघडली तर आत उंदराने तार कुरतडलेली, भिंत ओली. "मावशी, तुम्हाला कळलं कसं?"

"मांजरान सांगितल्यान."

तो ह्या खेपेला हसला नाही.

आता तिची चूक सांगतो. ती नेहमी बरोबर असायची असं मी म्हणणार नाही. मेलेल्या माणसाला खोटं मोठं करण्यात काय अर्थ आहे.

थंडीचे दिवस होते, दोन वर्षांपूर्वीचे. दिवस मावळत होता. द्वारका भाकरी करता करता उठली, पिठाच्या हातांनीच बाहेर आली आणि चारही दारं वाजवली. "सगळे भायर येवा. पोरांक घेवन येवा. घर गप झाला."

तिचं म्हणणं असं की घर रोज संध्याकाळी उन्हाचं तापलेलं थंड होताना बारीक आवाज करतं, आणि आज करत नाही. मधला खांब तर अगदीच गप्प आहे. माणूस श्वास रोखून उभा राहतो तसा. ती घाबरली होती आणि तिला घाबरलेलं बघून सगळे घाबरले. दारं ओढून घेणाऱ्यासुद्धा पोरं काखेत मारून बाहेर आल्या. वीसेक माणसं अंगणात थंडीत बसली, सगळ्यांचे डोळे छपराकडे. रिकामी चाळ समोर उभी, चारही दारं उघडी, आत चुली जळतायत आणि माणूस नाही. बघता बघता मलासुद्धा वाटायला लागलं की आत कुणीतरी आहे आणि तेही आपल्याकडे बघतंय.

काही झालं नाही. भाकऱ्या करपल्या. आधी एक पोरगा हसला, मग सगळे. सुमनताईंचा नवरा मला म्हणाला, "दादा, वहिनींना जरा गावाला नेऊन आणा. कुणाला तरी दाखवा." मला ते लागलं. गिरणीत तीस वर्षं मला कुणी असं बोललं नव्हतं. मी सगळ्यांच्या देखत द्वारकेवर ओरडलो. "ह्यापुढे पुरी खात्री झाल्याबिगर तोंड उघडायचं नाही. कळलं? पुरी खात्री."

तिने मान हलवली. हाताला वाळलेलं पीठ होतं, ते खरवडत बसली.

दुसऱ्या दिवशी मी नाहूरहून पास्कू मिस्त्रीला बोलावलं. पास्कू किरिस्तांव, सुतारकामात देवमाणूस, द्वारकेचा जुना दोस्त. तिला म्हणायचा, "बाय, तुझा कान मला दे, माझी करवत तू घे." त्याने खांब बघितला, बुडाशी टोचा घातला. थोडं मऊ लागतंय म्हणाला, पण घाबरण्यासारखं नाही, पुढच्या वर्षी बूड कापून खाली दगड बसवू. एवढ्यावर थांबायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात राग होता. मला लोकांना दाखवायचं होतं की हे घर पक्कं आहे. आमचा मुलगा वसंत भांडुपच्या कारखान्यात, तिथे नवीन शेड बांधत होते. त्याच्या ओळखीने अर्धी गोणी सिमेंट आणलं. तेव्हा सिमेंट सहज मिळत नसे, मला त्याचीच फुशारकी. खांबाच्या बुडाभोवती मी स्वतः वीतभर उंच सिमेंटचा ओटा चढवला. घोटून घोटून गुळगुळीत केला. चाळीतले लोक बघायला आले. मी म्हटलं, आता शंभर वर्षं.

द्वारका म्हणाली, "खांबाक बूट घातल्यात. आता तेचे पाय दिसतले कसे?"

पास्कूने बघितलं आणि डोक्याला हात लावला. "भाऊ, लाकडाला वारा लागतो. तू त्याला पाण्यात उभं केलंस." मी त्याला म्हटलं, तू सुतार, सिमेंटमधलं तुला काय कळतं. तो निघून गेला.

त्यानंतर शनिवारी ती मधल्या खांबाला जास्त वेळ लावायची. म्हणायची, वरचं ऐकायला येतं, खालून नुसतं बद्द. पण बोलायची नाही. दोनदा ठोकायला लावायची, तीनदा लावायची आणि "बरा आसा" म्हणून बाजूला व्हायची. मला वाटलं, सुधारली.

ती गेली त्या संध्याकाळी तिला पुढच्या खोलीत, मधल्या खांबाजवळ निजवलं. दुसरीकडे जागा नव्हती. रात्रीच स्मशानातलं सगळं आटोपून आलो. आमच्या रीतीप्रमाणे तिला निजवलं होतं तिथे दिवा लावला, दिव्याशेजारी जमिनीवर तांदळाचं पीठ पसरलं आणि वर टोपली झाकली. सकाळी टोपली उचलून बघतात, पिठावर काय उमटलंय. पक्ष्याचं पाऊल असेल तर तो जन्म, गुरांचं असेल तर तो. मी ह्या गोष्टी मानत नाही असं नाही, मानतो असंही नाही. सगळे करतात.

सकाळी शेजारच्या बायका पेज घेऊन आल्या. सुमनताईही आल्या. त्यांनीच टोपली उचलली. बायका वाकल्या. मी भिंतीला टेकून बसलो होतो, मला त्यांचे ओठ दिसत होते.

"मुंगीची वाट आहे."

"मुंगीची एवढी लांब? हे बघा, इथून तिथवर गेलंय. सरपटल्यासारखं."

"साप?"

कुणीतरी तोंडाला पदर लावला. आतून शालूने ते ऐकलं असावं, ती रडायला लागली. सुमनताई मागे सरल्या. मी त्यांच्या तोंडावर वाचलं, त्यांना वाटत होतं ते. काळी जीभ, म्हणून सापाचा जन्म.

मी उठलो, गुडघ्यावर बसलो. पांढऱ्या पिठावर एक तपकिरी रेघ होती. वीतभर लांब, सरळ, खांबाकडून आलेली. मी त्यात बोट घातलं, बोटांत चोळलं. लाकडाचा भुसा, टोपलीच्या विणीतल्या फटीतून गळलेला. ताजा. जुना भुसा मळका असतो, हा भाजलेल्या रव्यासारखा होता. मी वर बघितलं. खांब आणि आढं जिथे भेटतात तिथे एक फट होती, नखाएवढी. त्यातून कोरं लाकूड दिसत होतं, कधी उजेड न बघितलेलं. लाकूड लाकडावर घासत होतं. मी बघत होतो तेवढ्यात अजून चार कण खाली आले, दिव्यापाशी, पिठावर.

मी हाताने खांब चाचपत खाली आलो. सिमेंटच्या ओट्याच्या जरा वर, जमिनीपासून वीतभर, लाकडावर एक काळसर चकचकीत डाग होता. तळहाताएवढा. मी वास घेतला. खोबरेल. द्वारकेच्या केसांचं. उभं राहून ऐकायची तिथे तिच्या डोक्याच्या तेलाचा डाग वर होताच, इतक्या वर्षांचा, सगळ्याच खांबांना आहे. हा खालचा मी कधी बघितला नव्हता. तिथे कान लावायचा तर जमिनीवर आडवं पडावं लागतं.

"शालू," मी आतल्या बाजूला जाऊन विचारलं, "आई इथे निजायची?"

शालूने डोळे पुसले. "रोज दुपारी, मामंजी. तुम्ही बाहेर गेलात की. मला वाटायचं बाळाजवळ निजतायत. एकदा विचारलं तर म्हणाल्या, मामंजींना सांगू नको. पुरी खात्री झाली की मीच सांगेन."

किती दिवस, ते मी विचारलं नाही. माझ्याच घरात, माझ्याच पाठीमागे, एवढी म्हातारी बाई जमिनीवर पडून सिमेंटच्या आतलं ऐकत होती. मी म्हटलं होतं म्हणून.

"वसंता, बाज उचल," मी म्हटलं. "दोघींसकट. बाहेर अंगणात."

बायका एकदम बोलायला लागल्या. सगळ्यांचे ओठ एकाच वेळी हलत होते, पण काय ते मला माहीत होतं. ओली बाळंतीण, सुतक, वारा लागेल, दिवा घरात आहे. वसंत माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाबा, घरात सुतक असताना लोखंड चालवायचं नसतं. दहा दिवस जाऊ द्या. मग पास्कूला बोलवू."

"बाज उचल."

त्याने एका बाजूने उचलली, मी दुसऱ्या. शालू नातीला छातीशी धरून डोळे मिटून बसली होती. अंगणात नेऊन बाज ठेवली, वर धोतराचा आडोसा केला. मग मी चारही दारांसमोर उभा राहिलो आणि सगळ्यांना बाहेर यायला सांगितलं.

सुमनताईंच्या नवऱ्याने विचारलं, "दादा, खात्री आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "खात्री नाही. तरी निघा."

त्याने छपराकडे बघितलं. मग सुमनताई आत गेल्या. मला वाटलं दार ओढून घेतील. त्या त्यांच्या आंधळ्या सासूला हाताला धरून बाहेर घेऊन आल्या आणि शालूच्या बाजेपाशी जमिनीवर बसवलं. त्यांच्यामागून बाकीचे आले. कुणी हसलं नाही. पोरंसुद्धा.

वसंत पास्कूला आणायला गेला. पास्कू दोन लाकडी बल्ल्या खांद्यावर घेऊन धावतच आला असावा, घामाने भिजला होता. द्वारकेचं त्याला रस्त्यात कळलं होतं. त्याने छातीवर क्रूस केला आणि कामाला लागला. आढ्याखाली दोन्ही बाजूंनी बल्ल्या उभ्या केल्या, खाली फळ्या, पाचरी मारून घट्ट. पाचर बसेपर्यंत आम्ही दोघे आणि वसंत, तिघेच आत. मग मी छिन्नी-हातोडा घेतला. पास्कू म्हणाला, मी करतो. मी म्हटलं, मी घातलंय, मीच काढणार.

माझा प्रत्येक घाव दिव्याला लागत होता. घाव पडला की ज्योत आडवी व्हायची, मग उभी. मी तिच्यासाठी थांबायचो. चौथ्या की पाचव्या घावाला सिमेंटचा एक तुकडा कवचासारखा सुटून आला. आत काळोख होता. पास्कूने मेणबत्ती धरली. सिमेंटला आतून लाकडाचा छाप होता, रेषा, गाठी, सगळं. लाकूड नव्हतं. तळाशी ओला चिखल आणि वाळवीची माती, तीही हलत होती. खांब जमिनीपासून वीतभर वर संपत होता. मी त्याच्याखालून हात घातला आणि दुसऱ्या बाजूला पास्कूने माझी बोटं धरली.

खांब आढ्याला लोंबत होता. आढ्याला कुणाचाच आधार नव्हता. मग इतके दिवस ते कशावर राहिलं, हे पास्कूला विचारलं. त्याने मेणबत्ती वर धरून आढं बघितलं. "भाऊ, मला विचारू नको," तो म्हणाला. "मी सुतार आहे."

बल्ल्या लागल्या होत्या. पास्कूने परत एकदा पाचरी बघितल्या आणि नवा खांब आणीपर्यंत कुणीही आत यायचं नाही असं सांगून तो गेला. दिवा मात्र हलवता येत नाही. मी पुढच्या खोलीत एकटा राहिलो. पिठावर आता सिमेंटची धूळ, माझ्या पायांचे ठसे, सगळं झालं होतं. मी ते सगळं पीठ हाताने गोळा करून परातीत घेतलं. डब्यातून नवं पीठ काढलं, दिव्याशेजारी पसरलं, तळहाताने सगळीकडून सपाट केलं. वर टोपली झाकली. दिव्यात तेल घातलं. मग बाहेर येऊन अंगणात त्या सगळ्यांबरोबर बसलो.